गिऱ्हाइकाची वही

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना ही हकिकत मी नव्याने सांगायला नको. २०२४-२५ या शालेय वर्षी आपल्या राज्यात सरकारी शाळांतल्या मुलांचा मोफत गणवेश एका नव्या पद्धतीने द्यायचे ठरले. कापड राज्यपातळीवर एकत्र घ्यायचे आणि ते महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचे, अशी ती योजना. हेतू वाईट नव्हता. सगळीकडे कापड एका प्रतीचे मिळावे आणि शिलाईचे चार पैसे बायकांच्या हाती पडावेत, हे कोणालाही पटेल. पण शाळा सुरू होऊन कितीतरी दिवस लोटले तरी अनेक गावी गणवेश पोचेनात. आणि जे पोचले त्यांतले काही मुलांच्या अंगाला बसेनात. कोणाची बाही लोंबते आहे, कोणाची चड्डी आवळते आहे. तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रांत छापून आल्या, आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले.

यात शिवणाऱ्या बायकांचा हात वाईट होता असे कोणी समजू नये. शिवणारी गावाजवळ होती. पण कापड लांबून यायचे होते, आणि माझ्या समजुतीने खरी अडचण त्याहून वेगळी होती. मुलाचे माप शिवणारीपर्यंत पोचत नव्हते. चौथीतला मुलगा म्हणून कागदावर एक आकडा लिहिला जातो. तो आकडा चौथीतल्या कोणत्याच एका मुलाचा नसतो. वर्गात उभे राहून नुसती नजर टाकली तरी हे दिसते, नाही का?

माल कुठे करायचा आणि गिऱ्हाइकाची माहिती कशी ठेवायची, या दोन गोष्टी लहान कारखानदाराने जोडीने का पाहिल्या पाहिजेत, ते आज पाहू. लहान कारखानदार म्हणजे कोणी दूरचा माणूस नव्हे. तालुक्याच्या गावी कोळपी आणि गेट बनवणारा मिस्त्री, मसाला कुटणारा बचत गट, चपला शिवणारे कुटुंब, तेलघाणा चालवणारा तरुण, हे सारे त्यात आले. शहरातली मंडळी अलीकडे 'डेटा अ‍ॅनॅलिटिक्स' असा मोठा शब्द वापरतात. शब्दाला भिऊ नका. नोंदी ठेवणे, त्या नीट लावणे, मोजणे, एकीशी एक ताडून पाहणे, आणि मग पुढचा माल त्याप्रमाणे करणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. वाण्याची खतावणी ही त्याचीच आजी.

आधी त्या सरासरीचे पाहू. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली. विमाने वैमानिकांना नीट आवरेनात, आणि बसण्याची जागा जुन्या सरासरी मापावर बेतलेली, म्हणून नवी सरासरी काढावी असा विचार होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने एक साधा प्रश्न विचारला: या माणसांपैकी सरासरी माणूस आहे तरी कोण? उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे घेऊन त्याने ४,०६३ जणांची छाननी केली. सरासरीच्या थोडे अलीकडे-पलीकडे चालेल अशी सवलतही ठेवली. तरीही दहाच्या दहा मापांत सरासरीत बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. एकसुद्धा नाही! मग प्रत्येकासाठी वेगळे विमान बांधायचे का? तसे नव्हे. पुढे-मागे, वर-खाली सरकणारी खुर्ची बसवली, पट्टे कमीजास्त करता येतील असे केले. आपल्याकडे आज्या नव्या परकराला आत दोन बोटे कापड दुमडून ठेवीत आणि पोर वाढली की ती दुमड सोडीत. अक्कल तीच.

सांगायचा मुद्दा असा, की गिऱ्हाईक सरासरीने मोजता येत नाही. त्याची वेगवेगळी नोंद ठेवावी लागते.

आता अंतराकडे वळू. माल दूर तयार झाला तर भाडे पडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण भाड्याहून मोठा खर्च अंदाजाचा असतो, तो मात्र कोणत्याही पावतीवर दिसत नाही. एक हिशेब मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा, म्हणजे गंमत कळेल.

समजा, एका गावच्या दुकानात महिन्याला २० विळे खपतात. दुकानदाराचा नेम असा, की एका महिन्याच्या खपाइतका माल हाताशी असावा. त्याला पुरवणारा तालुक्याचा व्यापारी, त्याला पुरवणारा जिल्ह्याचा आडत्या, या दोघांचाही नेम तोच. सगळे सुरळीत चालले आहे. कारखान्याकडे दरमहा २० विळ्यांची मागणी जाते.

एका महिन्यात सुगीमुळे २४ विळे खपले. दुकानदार म्हणाला, खप वाढला. गेलेले २४ भरून काढायचे आणि साठाही २० वरून २४ वर न्यायचा, म्हणून त्याने २८ मागवले. तालुक्याच्या व्यापाऱ्याला सुगी दिसत नाही. त्याला २८ दिसतात. त्याने २८ भरले, वर साठ्यासाठी ८ जास्त, असे ३६ मागवले. जिल्ह्याच्या आडत्याला ३६ दिसले. त्याने ३६ आणि साठ्याचे १६ मिळून ५२ मागवले. कारखानदाराच्या टेबलावर २० च्या जागी ५२ विळ्यांचे पत्र पडले! तो बिचारा दोन माणसे नव्याने कामावर घेतो, कर्ज काढून लोखंड आणतो.

पुढच्या महिन्यात सुगी संपली. खप पुन्हा २०. दुकानदाराला आता साठा ४ ने कमी करायचा आहे, म्हणून त्याने १६ च मागवले. व्यापाऱ्याने साठा २८ वरून १६ वर आणायचे ठरवले, म्हणजे त्याने मागवले फक्त ४. आणि आडत्याकडे चारचीच मागणी आली असताना साठा आहे ३६. तो एकही मागवत नाही. कारखान्यात शून्य. गावात काय झाले होते? वीसाचे चोवीस आणि पुन्हा वीस. कारखान्यात काय झाले? वीसाचे बावन्न आणि मग काहीच नाही. नव्याने घेतलेली दोन माणसे घरी बसली, लोखंडाचे व्याज चालू राहिले.

यात कोणी लबाडी केली नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचेच केले. अमेरिकेतले जे फॉरेस्टर यांनी १९६१ सालच्या आपल्या पुस्तकात कारखान्यांतले हे हेलकावे गणिताने मांडले. पुढे लहान मुलांचे लंगोट बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला तोच अनुभव आला. बाळे काही एका महिन्यात दुप्पट लंगोट वापरीत नाहीत, तरी कारखान्याकडे येणारी मागणी वरखाली उड्या मारीत होती. त्या लोकांनी याला चाबकाचे नाव दिले आहे. आसूड ओढताना मनगट चार बोटे हलते आणि शेवटाची वादी हवेत सटकन् फिरते, तसे हे.

यावर उपाय दोनच. एक, मधली अंतरे कमी करायची, म्हणजे माल खपतो त्याच्या जवळ करायचा. दुसरा, कारखानदाराला थेट गावातला खप कळेल असे करायचे. पहिल्याला आजच्या भाषेत स्थानिक उत्पादन म्हणतात, दुसरा म्हणजे गिऱ्हाइकाची वही. आणि ही दोन्ही एकमेकांशिवाय लंगडी आहेत. कारखाना जवळ असून उपयोग काय, जर त्याला माप कळत नसेल? आणि माहिती हाती असून उपयोग काय, जर माल बंदरावर अडकला असेल? मार्च २०२१ मध्ये एक प्रचंड जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस तो जलमार्ग बंद राहिला. मागेपुढे शेकडो जहाजे खोळंबली. त्यांतल्या मालाची यादी सगळ्यांना तोंडपाठ होती. माल मात्र हलत नव्हता.

या दोन्ही गोष्टी एकत्र करून दाखवणारे एक उदाहरण स्पेन देशातले आहे. तिथे वायव्येच्या कोपऱ्यात गॅलिशिया नावाचा पावसाळी, मासेमारीचा प्रांत आहे. तिथल्या ला कोरुन्या गावी आमान्सिओ ओर्तेगा या गृहस्थाने १९६३ साली बायकांचे घरगुती झगे शिवण्याचा लहानसा कारखाना काढला. त्याचे नाव 'गोआ'. आपल्या गोव्याशी त्याचा काही संबंध नाही हो; मालकाच्या नावाची आद्याक्षरे उलटी लिहिली की 'गोआ' होते, एवढेच. १९७५ साली त्याने स्वतःचे दुकान उघडले. ते दुकान म्हणजे 'झारा'. आज ते नाव जगभर झाले आहे आणि त्याला कोणी लहान म्हणणार नाही; पण त्याची पद्धत लहानपणीची आहे.

पद्धत अशी. दुकानातली व्यवस्थापक बाई आठवड्यातून दोन वेळा कळवते: काय खपले, काय पडून आहे, आणि गिऱ्हाइकाने अंगाला लावून पाहिले पण घेतले नाही असे काय. कोणी विचारले का, की हाच सदरा निळ्यात आहे का? तेही कळवते. कापड पुष्कळसे बिनरंगी घेऊन ठेवायचे, म्हणजे कोणता रंग चालतो ते कळल्यावर रंगवता येते. कापड कारखान्यात कापायचे आणि शिवायला आसपासच्या लहान शिवणघरांत, बायकांच्या सहकारी मंडळांत, शेजारच्या पोर्तुगालात द्यायचे. चित्र काढल्यापासून कपडा दुकानात लागेपर्यंत इतर कंपन्यांना सहा-सहा महिने लागत; इथे तो दोन-तीन आठवड्यांत लागू लागला. सहा महिने पुढचा अंदाज आणि तीन आठवडे पुढचा अंदाज यांत किती फरक असतो, हे पेरणीआधी भावाचा अंदाज बांधणाऱ्या शेतकऱ्याला मी काय सांगावे?

आणखी एक बारकावा त्यांनी पाळला. सगळेच जवळ शिवले नाही. साधे पांढरे सदरे, ज्यांचा खप बारा महिने सारखा, ते दूर देशांतून स्वस्त करून घेतले. ज्याचा अंदाज बांधता येत नाही तेवढेच जवळ. मला हा विवेक फार मोलाचा वाटतो. 'सारे काही गावातच करू' हे भाषणात छान वाटते, पण शिवणयंत्राची सुई गावात करू नये. ती मोठ्या कारखान्यातच चांगली आणि स्वस्त होते. जे गावागणिक, शेतागणिक, अंगागणिक बदलते, जे नासते, ज्याची दुरुस्ती वारंवार लागते, ते जवळ करावे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. त्या शिवणघरांचे पुढे काय झाले? कपडा त्यांनी शिवला. पण कोण गिऱ्हाईक काय मागते याची वही त्यांच्याकडे कधीच नव्हती. ती दुकानाच्या मालकाकडे होती. पुढे मजुरी जिथे कमी तिथे, पोर्तुगालात, मोरोक्कोत, काम सरकू लागले तेव्हा गॅलिशियातल्या पुष्कळ शिवणघरांना टाळे लागले. त्यांच्या हाती कसब होते, यंत्रे होती, पण एका गिऱ्हाइकाचा पत्तासुद्धा नव्हता. जाऊन सांगणार कोणाला, की सदरा आम्ही शिवीत होतो?

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आज आपल्याकडचे बचत गट आणि कारागीर ऑनलाइन बाजारात माल ठेवू लागले आहेत. जरूर ठेवावा. पण तिथे पुष्कळदा गिऱ्हाइकाचा फोन नंबर विकणाऱ्याला दिसत नाही. मसाला तुमचा, वही दुसऱ्याची. पुड्यात एक चिठ्ठी टाका, आपले नाव, गाव आणि नंबर छापा. तिखट जास्त वाटले की कमी, ते कळवा म्हणावे. जे कळवतील ते तुमच्या वहीत आले.

आपल्याकडेही हे ज्ञान नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घ्या. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजच्या सांगली जिल्ह्यातला हा भाग. विलायती नांगर बाजारात होतेच. पण ते बनवणाऱ्याने काळी जमीन कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. इथे नांगर बनवणारा आणि नांगर धरणारा यांच्यात एक-दोन दिवसांची वाट होती, भाषा एक होती. फाळ झिजला तर तो घेऊन माणूस येऊ शकत होता, आणि आला की दोन शब्द ऐकवूनही जात होता. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र सुरू केले. पुढे ते 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघरी गेले आणि कथा-लेखांसाठी नावाजले गेले. पण मुळात ते कारखान्याची खबर गिऱ्हाइकापर्यंत नेणारे पत्र होते.

बरे, वही ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? कोळपी करणारा एक मिस्त्री डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक कोळप्यामागे एक ओळ लिहायची: तारीख, गाव, जमीन काळी की मुरमाड, पीक कोणते, दोन ओळींत अंतर किती, पास किती इंचांची दिली. पुढे दोन रकाने मोकळे ठेवायचे. एक, परत आले तर केव्हा आणि काय मोडले. दुसरा, गिऱ्हाईक काय बोलले, ते त्याच्याच शब्दांत. एवढे पुरे. याहून जास्त रकाने काढाल तर तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडेल.

समजा, दोन हंगामांत ६० कोळपी गेली. त्यांतली ११ परत आली. पास जिथे जोडली तिथे तडा. ६ काळ्या जमिनीची, ५ मुरमाड जमिनीची. मिस्त्री म्हणेल, दोन्हीकडे सारखेच मोडते, किंबहुना काळ्यात एक जास्तच. पण वही उघडून किती गेली होती तेही पाहा. काळ्या जमिनीसाठी ४८ गेली होती, मुरमाडासाठी फक्त १२. म्हणजे काळ्यात आठांत एक मोडले, आणि मुरमाडात बारांत पाच! मुरमाड गावांसाठी जोड जाड पट्टीचा हवा. काळ्यासाठी तेवढे लोखंड वाढवून किंमत चढवण्याची गरज नाही. नुसते परत आलेले मोजले असते तर हे कधीच कळले नसते. किती मोडले याच्याखाली किती दिले हा आकडा लिहायचा, हे साधे अपूर्णांक आहेत. गुरुजी, पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना आंबे-पेरूंच्या जोडीला हेही उदाहरण घेऊन पाहा.

अर्थात बारांत पाच हा आकडा लहान आहे, हेही ध्यानात ठेवावे. बारांपैकी दोन कोळपी कदाचित एकाच दांडग्या गड्याच्या हातची असतील. म्हणून सगळा साचा एकदम बदलू नये. पुढची दहा जाड जोडाची करून द्यावी आणि वही पाहत राहावे.

वहीचा सगळ्यात मोठा दोष हा, की जे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले ते तिच्यात नसते. चपलांचे दुकान घ्या. नऊ नंबर महिन्यात दहा खपले, अकरा नंबर एकही नाही. म्हणून अकराला गिऱ्हाईक नाही असे म्हणता येईल का? अकरा नंबर दुकानात ठेवलाच नव्हता! यासाठी मागच्या पानावर 'नाही म्हटले' असा वेगळा रकाना ठेवावा. कोण काय मागायला आले आणि आपण नाही म्हणालो, ते तिथे टिपायचे. मला विचाराल तर साऱ्या वहीत हे पान सर्वांत किमती.

आणखी एका खड्ड्यात पुष्कळ जण पडतात. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर आणि या वर्षीचा नोव्हेंबर ताडून पाहतात. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होते, २०२४ साली १ नोव्हेंबरला, आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. चकली-भाजणी विकणाऱ्या गटाने नोव्हेंबराशी नोव्हेंबर ताडला तर २०२४ मध्ये धंदा बुडाला असे वाटेल. दिवाळीचा खप ऑक्टोबरातच होऊन गेलेला. तीच गोष्ट अधिक मासाची. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात लग्ने लागत नाहीत, मग बस्त्याची, भांड्यांची, मंडपाची मागणी आपोआप पुढेमागे सरकते. बाहेरून आलेला तयार कार्यक्रम हे जाणत नाही. आपल्या वहीत इंग्रजी तारखेशेजारी तिथी आणि सण लिहिला, की एवढे काम भागते. पंचांग हे आपल्याकडचे हिशेबाचे फार जुने साधन आहे, ते केवळ मुहूर्तापुरते ठेवू नये.

आता तुम्ही म्हणाल, आजकाल पैसे फोनवरून येतात, वही कशाला? यूपीआय २०१६ पासून आले आणि पाहता पाहता आठवड्याच्या बाजारात भाजीवालीपुढेही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसू लागला. त्यात तारीख, वेळ, रक्कम आपोआप नोंदली जाते, हे खरेच सोयीचे आहे. पण २४० रुपये आले एवढेच ते सांगते. कोणत्या मापाचे, कोणत्या जमिनीसाठी, ते सांगत नाही. म्हणून आधी कागदावर सवय लावावी. शंभर-दीडशे ओळी झाल्या, की घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला त्या संगणकावर रकानेवार चढवायला सांगाव्या. गावाप्रमाणे लाव, मापाप्रमाणे लाव, म्हटले की यंत्र क्षणात लावून देते. छाननीचे कष्ट यंत्राने करावेत. प्रश्न मात्र मिस्त्रीनेच विचारावा, कारण मुरमाड म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूनेही बोलली पाहिजे. आपले नाव, नंबर, घरात लग्न कधी, पोरीचे माप काय, हे माणूस विश्वासाने सांगतो. ती वही दुसऱ्याला विकणे म्हणजे त्याच्या घरातले बोलणे चव्हाट्यावर मांडणे. २०२३ साली संसदेने संगणकावरच्या खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, माणसाची संमती घ्यावी, आणि त्याने संमती काढून घेतली तर ती पुसावी, असा त्याचा रोख आहे. कायदा नसता तरी गावचा शिंपी हे पाळीतच होता. कोणाच्या कमरेचे माप किती, हे त्याने पारावर कधी सांगितले नाही.

उन्हाळ्याच्या सुटीआधी एक काम वर्गात करून पाहता येईल. मुलांना दोन-दोनच्या जोडीने एकमेकांची उंची, छाती, खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी आणि कमर टेपाने मोजू द्या. मोठ्या मुलींची मापे बाईंनी वेगळी घ्यावीत. फळ्यावर नावे लिहू नका, नुसते क्रमांक लिहा. मग चारही मापांची सरासरी काढा, आणि चारही मापांत सरासरीच्या दोन-दोन सेंटिमीटर आत कोण बसतो ते शोधा. बहुधा कोणी सापडणार नाही. सापडला तर त्याला टाळ्या द्या. वही मिटू नका. दिवाळीनंतर तीच मापे पुन्हा घ्या, म्हणजे कोणत्या वयाची मुले सहा महिन्यांत किती वाढतात हे तुमच्याच शाळेपुरते कळेल. जूनमध्ये समितीने शिवणाऱ्या बाईंना काम दिले, की तो कागद त्यांच्या हाती ठेवा. आणि शिवणीत दोन बोटे जास्त कापड सोडायला कोणत्या मुलांच्या बाबतीत सांगायचे, तेही त्यावर खूण करून ठेवा.